वाहतूक तिकीट थकल्याने परवाना निलंबन (अमेरिका)

वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल मिळालेल्या तिकिटाला मुदतीत उत्तर दिले नाही, तारखेला कोर्टात गेले नाही किंवा दंड थकवला, तर अमेरिकेतील अनेक राज्ये चालकाचा परवाना निलंबित करतात. मूळ गुन्हा किरकोळ असला तरी हे घडते. मागचा दिवा बंद असल्याचे तिकीटही त्याला पुरते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना जातो, तो रस्त्यावरच्या धोक्यामुळे. इथे परवाना हे वसुलीचे साधन असते.

महाराष्ट्रात कॅमेऱ्याने टिपलेले ई-चलान गाडीच्या नंबरावर निघते. अमेरिकेत पोलिसाने गाडी अडवून दिलेले तिकीट चालकाच्या नावावर असते. परवाना देण्याचे काम राज्याच्या मोटारवाहन विभागाकडे (बोलीत ‘डीएमव्ही’) आहे. चालक हजर झाला नाही की कोर्ट या विभागाला कळवते आणि विभाग नोंदीतल्या पत्त्यावर निलंबनाची नोटीस टाकतो. खरी गोची इथेच होते. भाड्याचे घर बदलले, नवा पत्ता कळवला नाही, तर नोटीस जुन्या दारात पडून राहते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात पत्ता बदलल्यापासून 10 दिवसांत कळवणे बंधनकारक आहे, पण घर हलवण्याच्या धावपळीत ते राहून जाते. पुढे कधीतरी पोलीस दुसऱ्याच कारणाने गाडी थांबवतो, तेव्हा परवाना निलंबित होऊन पडला आहे हे चालकाला प्रथमच कळते. तोवर साध्या दंडाचे प्रकरण फौजदारी झालेले असते, कारण निलंबित परवान्यावर गाडी चालवणे हा बहुतेक राज्यांत अटक होऊ शकेल असा गुन्हा आहे.

दुसऱ्या राज्यात तिकीट मिळाले म्हणून सुटका होत नाही. 1977 च्या ‘नॉन-रेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट’ या करारात 44 राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन सामील झाली. परराज्यातल्या चालकाला जागीच जामीन भरायला लावायचे नाही, त्याच्या सहीवर त्याला जाऊ द्यायचे, आणि त्याने शब्द पाळला नाही तर त्याच्या राज्याने परवाना निलंबित करायचा, अशी ही व्यवस्था. कॅलिफोर्निया, मिशिगन, ओरेगन, विस्कॉन्सिन, मोंटाना आणि अलास्का ही सहा राज्ये तिच्याबाहेर राहिली. पार्किंगची तिकिटे या करारात येत नाहीत.

परवाना एकदा दिला की तो उपजीविकेचा भाग होतो आणि रीतसर सुनावणीशिवाय काढून घेता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये ‘बेल विरुद्ध बर्सन’ खटल्यात मान्य केले. दाद मागणारा जॉर्जियातला एक धर्मोपदेशक होता. तीन खेड्यांतल्या भक्तांकडे जायला त्याला गाडीवाचून पर्याय नव्हता. तो खटला अपघात आणि विम्याचा होता, तिकिटाचा नव्हे, पण पुढच्या वादांना आधार त्याचाच मिळाला.

खरा वाद गरिबीचा आहे. न्यूयॉर्क शहर सोडले तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बस-रेल्वेवर भागत नाही. परवाना गेला की कामावर जाणे बंद, पगार बंद, मग दंड भरायचा कशातून? गाडी तशीच चालवली तर नवा गुन्हा आणि नवा दंड. 2013 मध्ये खुद्द मोटारवाहन विभागांच्या संघटनेनेच, गाडी चालवण्याशी संबंध नसलेल्या कारणांसाठी परवाने निलंबित करू नयेत, अशी शिफारस केली. 2015 मध्ये केंद्रीय न्याय विभागाच्या, मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहराबद्दलच्या अहवालाने पोलीस आणि कोर्ट शहराच्या तिजोरीसाठी कसे राबवले जात होते ते उघड केले.

त्यानंतर कायदे बदलू लागले. कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये, तर व्हर्जिनियाने 2020 मध्ये, दंड थकला म्हणून निलंबन करणे थांबवले. व्हर्जिनियात त्याआधी, डिसेंबर 2018 मध्ये, संघीय न्यायाधीशाने अशा निलंबनाला अंतरिम मनाई दिली होती. न्यूयॉर्कचा सुधारणा कायदा जून 2021 मध्ये लागू झाला. त्यात हप्त्यांची सोय आहे: महिना 25 डॉलर किंवा निव्वळ मासिक उत्पन्नाचे 2 टक्के, यांतली मोठी रक्कम. मात्र तिकिटाला उत्तरच न देणाऱ्याला या कायद्याने अभय दिलेले नाही. दंड भरण्याची ऐपत नसणे आणि कोर्टाकडे पाठ फिरवणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत, आणि ते रास्तही आहे. फक्त न पोचलेली नोटीस कायद्याच्या लेखी पाठ फिरवण्यातच जमा होते.

दंड भरला की परवाना आपोआप परत मिळतो, हा समज चुकीचा आहे. आधी कोर्टात प्रकरण मिटवावे लागते आणि मग विभागाचे वेगळे शुल्क भरावे लागते. न्यूयॉर्कमध्ये उत्तर न दिल्यामुळे झालेल्या निलंबनाला ते दर तिकिटामागे 70 डॉलर आहे. विभागाच्या नोंदीत परवाना वैध दिसेपर्यंत गाडी चालवणे गुन्हाच ठरतो.

भारतीय परवान्यावर गाडी चालवणारे मराठी विद्यार्थी आणि पाहुणेही यातून सुटत नाहीत. राज्य भारतातला परवाना निलंबित करू शकत नाही, पण आपल्या हद्दीत गाडी चालवण्याची मुभा काढून घेऊ शकते. त्यानंतर अटक झाली, तर पुढच्या व्हिसा-अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर द्यावे लागते.