ट्यूब्युलिन-प्रतिपिंड

पेशीत ट्यूब्युलिन हे प्रथिन कुठे आणि किती आहे ते दाखवणारे प्रयोगशाळेतील प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारे प्रथिन. बोलताना सगळे ‘अँटी-ट्यूब्युलिन’च म्हणतात. अल्फा आणि बीटा ट्यूब्युलिनच्या जोड्या एकापुढे एक जुळून सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ सूक्ष्मनलिका तयार होतात. पेशीला आकार देणे, आतल्या मालाची ने-आण, विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणे, ही कामे त्यांच्या आधारे चालतात.

सर्रास वापरले जाणारे एक प्रतिपिंड म्हणजे ‘डीएम१ए’. कोंबडीच्या पिलाच्या मेंदूतल्या सूक्ष्मनलिका उंदराला टोचून ते मिळवले. अल्फा ट्यूब्युलिनच्या शेपटाकडच्या भागाला ते चिकटते. हा भाग प्राण्याप्राण्यांत फारसा बदललेला नाही, म्हणून ते माणसाच्या पेशींवरही चालते. असे एकजिनसी प्रतिपिंड हवे तितके मिळवण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ साली शोधली.

पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवते. पुण्यातच पाषाणला आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आहे. इथे काय किंवा कुठेही काय, पेशी रंगवायला शिकणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: पेशी आधी बर्फावर ठेवू नयेत. प्रथिन जपायचे तर बर्फ, ही एरवीची चांगली सवय इथे घात करते. थंडीने सूक्ष्मनलिका सुट्या होतात आणि प्रतिपिंड उत्तम असूनही नुसते धुके दिसते. उणे २० अंशांचे मेथॅनॉल मात्र चालते, कारण नलिका विरण्याआधीच ते प्रथिने जागच्या जागी थिजवते. मग हे प्रतिपिंड, त्यावर चमकणारा रंग जोडलेले दुसरे. सगळे नीट जमले की केंद्रकाजवळून निघून पेशीच्या काठापर्यंत गेलेले हिरवे धागे दिसतात, आणि विभागणाऱ्या पेशीत दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला तर्कू, म्हणजे गुणसूत्रे ओढणारा सूक्ष्मनलिकांचा जुडगा. तो पहिल्यांदा पाहणारा सहसा विसरत नाही.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिने आकारमानानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत, ट्यूब्युलिनचा पट्टा ५० किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचे एकक) आसपास येतो. सर्व नमुने सारखे भरले का, हे त्यावरून ताडतात. इथे सावध राहावे. पुण्यात अंगणोअंगणी फुलणाऱ्या सदाफुलीतील व्हिंक्रिस्टीन आणि सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणाऱ्या कळलावीतील कोल्चिसीन थेट ट्यूब्युलिनलाच धरतात. सुटे ट्यूब्युलिन वाढले की पेशी त्याचे उत्पादन कमी करते. त्यामुळे अशी औषधे दिलेल्या पेशींत मापाला दुसरे प्रथिन घ्यावे.