आगुल भाषेतलं शुभवर्तमान म्हणजे आगुल लोकांतला धर्मप्रचार नव्हे

मिशन संस्थांच्या प्रार्थनेच्या याद्यांत 'आगुल' (रशियातल्या दागेस्तान प्रांताच्या डोंगरात राहणारा एक छोटा समाज) हे नाव आलं की खाली ठरलेलं वाक्य असतंच: शुभवर्तमानाचं भाषांतर झालं, म्हणजे सुवार्ता पोहोचली. शेजारी मेंढ्यांचा फोटो. भाषांतर आणि प्रचार हे एकच काम धरून केलेलं हे लिखाण दागेस्तानला लागू पडत नाही.

गोंधळाचं मूळ आपल्याच इतिहासात आहे. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले, मराठी शिकले, भाषांतर केलं आणि बाजारात उभं राहून उपदेशही केला. हे मराठी ख्रिस्ती वाचकाला ठाऊक आहे, लांबवत नाही.

किरकोळ चुका आधी उरकू. आगुल म्हणजे त्यांच्या शेजारचे लेझगी नव्हेत. भाषांची शाखा एक, पण लेझगी पुस्तक देऊन भागत नाही. ते भटकेही नाहीत. त्पिग, रिचा, बुर्शाग ही कायम वस्तीची गावं आहेत. थंडीत कळपाबरोबर मेंढपाळ सखल भागात उतरतात, धनगरांसारखा अख्खा वाडा हलत नाही. बरेच आगुल आता देर्बेंत, मखाचकला अशा शहरांत राहतात. 'नावापुरते मुसलमान' हे तर लिहूच नये. ते शाफी पंथाचे सुन्नी आहेत, आणि इस्लाम तिथे किती जुना याची खूण म्हणजे १२३९ च्या मंगोल स्वारीची नोंद करणारा रिचातला अरबी शिलालेख.

आता मुख्य फरक. भाषांतर हे भाषेचं काम आहे. मॉस्कोची बायबल भाषांतर संस्था ते करते, आणि लूकचं शुभवर्तमान आगुलमध्ये आलं ते त्यातूनच. मसुदा मातृभाषक लिहितो. तो ख्रिस्ती असलाच पाहिजे असं नाही. मग मूळ ग्रीकशी ताळा, भाषेचं संपादन, मजकूर आधी न पाहिलेल्या गावकऱ्यांना वाचून दाखवून 'काय कळलं?' ही चाचणी, आणि शेवटी भाषांतर-सल्लागाराची तपासणी. या साखळीत कोणाला चर्चमध्ये आणायचं नसतं.

छापलं म्हणजे वाचलं, असंही नाही. आगुल लिपी १९९० सालची, सिरिलिक. २०१० च्या जनगणनेत रशियात आगुल होते ३४,१६०, आणि त्यांचं शिक्षण मुख्यतः रशियनमधून. त्यामुळे छापील आगुल मजकूर अनेकांना अडखळत वाचावा लागतो. शिवाय लिखित भाषा त्पिगच्या बोलीवर बेतलेली. बुर्शागकडची कोशान बोली तिच्यापासून बरीच दूर. म्हणून ध्वनिमुद्रण कधीही बरं, आणि तेही बोली पाहून केलेलं.

प्रचार हे कायद्याच्या कक्षेतलं काम. जुलै २०१६ च्या दुरुस्तीनंतर रशियात 'मिशनरी कार्य' याची व्याख्याच कायद्यात आहे: धार्मिक संघटनेने सदस्य नसलेल्यांना आपल्यात ओढण्याच्या हेतूने जाहीरपणे केलेला प्रसार. प्रचारकाजवळ संघटनेचं अधिकारपत्र लागतं. राहत्या घरात प्रचाराला बंदी आहे, उपासनेला नाही. आणि घरातल्या प्रार्थनेला शेजारी बोलावले की ती उपासना की प्रचार, हा वाद पोलिसांसमोर होतो. दंड व्यक्तीला ५,००० ते ५०,००० रूबल, संघटनेला एक लाख ते दहा लाख. परदेशी माणसाला ३०,००० ते ५०,००० आणि वर हद्दपारीही होऊ शकते. पर्यटक व्हिसावर पत्रकं वाटायला जाणाऱ्या उत्साही मंडळींनी हा आकडा पाठ करावा.

पुस्तकाचा प्रश्न वेगळा. २०१५ पासून बायबल आणि कुराण यांचा मजकूर 'अतिरेकी' ठरवता येत नाही. पण धार्मिक संघटना जे साहित्य काढते त्यावर तिचं पूर्ण अधिकृत नाव नसेल तर दंड आणि जप्ती. मजकूर सुटतो, गठ्ठा अडकतो.

आणि प्रचाराचा धोका दंडाहून मोठा आहे. मखाचकलाच्या होसान्ना चर्चचे पाळक आर्तुर सुलेमानोव यांना जुलै २०१० मध्ये गोळ्या घालून मारलं. ज्या प्रार्थना-पत्रकात भाषांतर आणि धर्मांतर एका दमात सांगितलेलं असतं, ते मसुदा करणाऱ्या किंवा चाचणीला बसलेल्या मुसलमान गावकऱ्याला गावात उगाच संशयात टाकतं. माझा खरा राग यावर आहे.

भाषांतर झालं की माणसं येतात, या समजुतीला कॉकेशसनेच जुनं उत्तर दिलंय. स्कॉटिश मिशनच्या हेन्री ब्रंटन यांनी उत्तर कॉकेशसातल्या कारास इथे १८१३ मध्ये तातार-तुर्की भाषेत नवा करार छापला. धर्मांतरं मोजकीच झाली. तेच मिशन पुढे १८२३ मध्ये आपल्या बाणकोटला आलं.

तेव्हा प्रार्थना-पत्रक लिहायचंच तर दोन वेगळ्या ओळी लिहा: मजकूर कोणत्या बोलीत, छापील की ध्वनी, ही एक, मंडळी कोणत्या शहरात, कोणत्या भाषेत उपासना करतात, ही दुसरी. गावाचं आणि माणसाचं नाव दोन्हींत नको. मेंढ्यांचा फोटोही नको.