शुगर आहे? मग डोळ्याचा पडदा सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, प्रोसेस अशी आहे

आमच्या आण्णांना ९ वर्षं शुगर, दर दोन वर्षांनी चष्म्याचा नंबर काढायचे आणि आम्हाला वाटायचं डोळे तपासून झाले. एक दिवस म्हणाले कालनिर्णयवरच्या रेघा वाकड्या दिसतायत. तेव्हा कळलं की पडद्याला सूज आलीये आणि इतक्या वर्षांत कुणी डोळ्यात ड्रॉप टाकून आत बघितलंच नव्हतं. नंबर काढणं वेगळं, पडदा बघणं वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं करा. पडदा खराब व्हायला लागला तरी सुरुवातीला दिसायला काहीच फरक पडत नाही, म्हणून तर नीट दिसत असतानाच जायचं.

कुणी करायची? टाइप २ वाल्यांनी शुगर निघाली की लगेच आणि मग दरवर्षी, टाइप १ असेल तर शुगर निघाल्यापासून ५ वर्षांनंतर दरवर्षी. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच दाखवा, थांबू नका. वयाची, उत्पन्नाची कसलीही अट नाही.

सुरुवात गावातल्या आशाताईंपासून किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरातून होते, तिथे ३० च्या वरच्यांची शुगर-बीपी तपासतात. तिथून चिठ्ठी घेऊन ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडे जायचं, नाहीतर थेट जिल्हा रुग्णालयाच्या डोळ्यांच्या ओपीडीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर आणि तपासणी फुकट आहे, मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं मात्र त्यात येत नाहीत.

सोबत आधार कार्ड, जुने शुगरचे रिपोर्ट (एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, केली असेल तर तोही), चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडी) असेल तर तो. डोळ्याचे जुने कागद असतील तर ते नक्की न्या, पडद्याच्या आधीच्या फोटोशी ताडून बघता येतं.

बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकले की अर्धा तास डोळे मिटून बसावं लागतं, नंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, त्यामुळे गाडी चालवत जाऊ नका, घरचं कुणीतरी सोबत न्या आणि गॉगल किंवा टोपी ठेवा. आण्णा एकटेच गेले होते, एसटीच्या पाट्या वाचता येईनात म्हणून स्टँडवर दोन तास बसून राहिले.

पुढे पाठवलं तर ती रेफरल चिठ्ठी घरी ठेवून देऊ नका. लेसर, इंजेक्शन किंवा ऑपरेशन सांगितलं तर रेशन कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाला भेटा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण तुम्हाला सांगितलेली ट्रीटमेंट पॅकेजमध्ये बसते का आणि मंजुरी आली का हे आधी विचारा, पैसे भरल्यावर नाही. हेल्पलाइन १५५३८८.

आणि अचानक डोळ्यासमोर काळे ठिपके, जाळं किंवा पडदा आल्यासारखं झालं तर चिठ्ठी-बिठ्ठीची वाट न बघता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. रिपोर्ट नॉर्मल आला असेल तर पुढच्या वर्षीची तारीख केस पेपरवर लिहून घ्या, आम्ही आण्णांची आता गोळ्यांच्या डब्यावरच चिकटवलीये.