‘पंपाची सवय लागते’ : एका धास्तीची पार्श्वभूमी

सॅल्ब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची गोळी दम्याचा रुग्ण सहसा बिनतक्रार गिळतो. त्याच औषधाच्या पंपाच्या (इन्हेलरच्या) एका पफमध्ये, म्हणजे एका दाबात, १०० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे त्या गोळीचा चाळिसावा हिस्सा. तरीही ‘गोळ्या द्या, पंप नको’ हे वाक्य दम्यावर उपचार करणाऱ्यांना सतत ऐकावे लागते. ‘लोकांना कळत नाही’ म्हणून हे सोडून देण्याची पद्धत आहे, पण ती पुरेशी नाही. पंपाच्या इतिहासात अशी प्रकरणे खरोखरच घडली आहेत की त्यातून भीती उरावी. मात्र ती भीती ज्या पंपाला चिकटायला हवी होती, त्याला सोडून दुसऱ्याच पंपाला चिकटली.

धूर किंवा वाफ ओढून दमा हलका करण्याचा उपाय फार जुना. धोतऱ्याची वाळलेली पाने जाळून धूर घेत असत. एकोणिसाव्या शतकात त्याच्या सिगारेटी निघाल्या आणि विसाव्या शतकातही बराच काळ विकल्या गेल्या. धोतऱ्यातली द्रव्ये श्वासनलिकांचे स्नायू सैल करतात आणि आजचे इप्राट्रोपियम हे पंपातले औषध त्याच कुळातले आहे, म्हणजे उपाय अगदीच भाकड नव्हता. ‘इन्हेलर’ हा शब्द १७७८ मधला, एका इंग्रज वैद्याने कथलाच्या मिश्रधातूच्या पेल्यापासून बनवलेल्या वाफेच्या भांड्याचा. पुढे रबरी फुगा दाबून ॲड्रेनालिनचा फवारा घ्यायची काचेची उपकरणे आली. ती फुटत, आणि फुगा किती जोराने दाबला यावर मात्रा ठरे.

आजचा पंप १९५६ मधला, अमेरिकेतला. एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीला दमा होता. केसांच्या फवाऱ्यासारखे डबीतून औषध का घेता येत नाही, असे तिने विचारले आणि काम सुरू झाले. खरा शोध डबीचा नव्हता. अत्तराच्या बाटलीवरून सुचलेल्या, दर दाबाला ठरावीक मात्राच सोडणाऱ्या झडपेचा तो होता. त्या काळात दम्याची गणना मनोकायिक, म्हणजे मनातून उद्भवणाऱ्या, आजारांत होत असे. अशा सात आजारांची एक यादीच वैद्यकीय ग्रंथांत असे आणि त्यात दमा होता. रुग्ण हळवा आणि औषध म्हणजे कुबडी, ही समजूत तिथून आलेली आहे. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला कायम सूज असते, अगदी बरे वाटत असतानाही असते, हे तपासण्यांतून पक्के व्हायला १९८० चे दशक उजाडले. तोवर कुबडीची भाषा घराघरांत रुजली होती.

मग साठचे दशक. आयसोप्रेनालिन हे त्या वेळचे पंपातले मुख्य औषध. त्याचा नेहमीचा पफ ८० मायक्रोग्रॅमचा होता, पण काही देशांत ४०० मायक्रोग्रॅमचा ‘फोर्ट’ पंप विक्रीला आला. म्हणजे एका दाबात पाचपट. इंग्लंड-वेल्समध्ये आणि फोर्ट विकल्या गेलेल्या इतर काही देशांत तरुण रुग्णांचे दम्याने होणारे मृत्यू झपाट्याने वाढले. ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये हे पंप चिठ्ठीशिवाय मिळणे बंद झाले आणि आलेख खाली आला. औषधाने हृदयावर ताण पडून मृत्यू झाले, की पंपाने तात्पुरते मोकळे वाटल्यामुळे रुग्णालय गाठायला उशीर झाला, हा वाद पुरता मिटलेला नाही. बहुधा दोन्ही. आयसोप्रेनालिन श्वासनलिकांइतकेच हृदयालाही चेतवते. १९६९ मध्ये आलेले सॅल्ब्युटामॉल मुख्यतः श्वासनलिकांवर काम करते. हात थरथरणे आणि छातीत धडधड मात्र त्यानेही होते.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये तोच प्रकार पुन्हा दिसला. या वेळी फेनोटेरॉल होते, २०० मायक्रोग्रॅमच्या पफचे. १९८९ मध्ये एका अभ्यासाने त्याचा मृत्यूंशी संबंध दाखवला तेव्हा मोठी खडाजंगी झाली. मुळात ज्यांचा दमा तीव्र त्यांनाच हे औषध दिले जात होते, मग दोष औषधाचा की आजाराचा, असा आक्षेप होता. आक्षेप वाजवी होता. पण औषधाच्या वापरावर बंधने आली आणि मृत्यू लगेच उतरले, त्यामुळे त्यातला जोर ओसरला.

या दोन्ही प्रकरणांतले पंप तात्पुरता आराम देणारे, म्हणजे रिलीव्हर होते. सूज कमी करणारा स्टिरॉइडचा पंप, बेक्लोमेथासोन, १९७२ मध्ये आला आणि त्यानंतर मृत्यूंच्या संदर्भात त्याची नोंद नेमकी उलट आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात, वर्षभरात स्टिरॉइडची एकेक डबी जास्त वापरली गेली तसा दम्याने मरण्याचा धोका दर डबीमागे सुमारे २१ टक्क्यांनी कमी दिसला. तरी बोलताना दोन्हींना ‘पंप’च म्हणतात आणि दोन्हींबद्दल एकच वाक्य ऐकू येते : सवय लागेल.

इथे ‘सवय’ या शब्दापाशी थांबायला हवे, कारण खरा गुंता त्यात आहे. मराठीत हा एक शब्द चार वेगळ्या गोष्टींना पुरतो. दात घासण्यासारखा रोजचा परिपाठ म्हणजे सवय. तल्लफ येणे, म्हणजे व्यसन, हीही सवय. औषध अंगवळणी पडून त्याच मात्रेचा परिणाम घटणे, ही तिसरी. आणि थांबवताच त्रास सुरू होणे, ही चौथी. रुग्ण तिसऱ्या-चौथ्या अर्थाने विचारतो, नातेवाईक दुसऱ्या अर्थाने घाबरतात, आणि डॉक्टर पहिला अर्थ धरून ‘सवय लावून घ्या’ म्हणतात. संभाषण तिथेच बिनसते.

एकेक अर्थ तपासू. व्यसन दोन्ही पंपांचे लागत नाही. पण अंगवळणी पडणे रिलीव्हरच्या बाबतीत खरे आहे. सॅल्ब्युटामॉल दिवसातून तीन-चार वेळा नियमित घेत राहिले, तर ते ज्यांच्यावर काम करते ते पेशींवरचे ग्राहक रेणू (रिसेप्टर) कमी होतात. धूळ, थंड हवा, व्यायाम यांपासून मिळणारे संरक्षण घटते आणि हात पुन्हा पुन्हा पंपाकडे जातो. बाहेरून पाहणाऱ्याला हे व्यसनासारखेच दिसते, यात नवल नाही. स्टिरॉइडच्या पंपाने असे होत नाही. उलट ते ग्राहक पुन्हा वाढायला त्याची मदत होते. चौथा अर्थ सर्वांत फसवा. स्टिरॉइडचा पंप बंद केल्यावर काही आठवड्यांनी खोकला, शिट्टी, रात्रीची जाग परत येते आणि ‘बघा, सवय लागली होती’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात दबलेली सूज वर आलेली असते, ती पंपाने निर्माण केलेली नसते. एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. बराच काळ मोठ्या मात्रेत घेतलेल्या स्टिरॉइडच्या पंपाने शरीराची स्वतःची स्टिरॉइडची निर्मिती मंदावू शकते, म्हणून तो एकदम तोडत नाहीत. साधारण तीन महिने दमा काबूत राहिला, की मात्रा पायरीपायरीने उतरवतात.

मग लोक नेमके उलटे का वागतात? रिलीव्हर पाच मिनिटांत छाती मोकळी करतो आणि ते जाणवते. स्टिरॉइडचा परिणाम दिसायला दिवस ते आठवडे लागतात आणि घेताना काहीच कळत नाही. सवयीच्या भीतीने न जाणवणारा पंप आधी सुटतो आणि जाणवणारा खिशात राहतो. म्हणजे ज्याची सवय लागते तोच उरतो.

‘स्टिरॉइड’ या शब्दाची बदनामी पन्नासच्या दशकातल्या गोळ्यांची आहे. गोल सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडे, वाढलेली साखर हे सगळे खरे होते, आणि गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर आजही खरे आहे. व्यायामशाळेतले स्टिरॉइड हे वेगळेच रसायन. त्याचा इथे फक्त नावापुरता संबंध. पंपातले बुडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा घेतले, तर वर्षाचे १४६ मिलिग्रॅम होते. दम्याचा एक जोरदार झटका आल्यावर दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांचे पाच दिवस रोज ४० मिलिग्रॅम म्हणजे २०० मिलिग्रॅम. ही तुलना वजनाची आहे, ताकदीची नाही. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम बुडेसोनाइड जास्त प्रबळ आहे. पण गिळले गेलेले बुडेसोनाइड यकृतात बहुतांश नष्ट होते, आणि पंप टाळणाऱ्याच्या वाट्याला असे झटके वर्षातून अनेकदा येतात. मुलांच्या उंचीचा प्रश्न विचारणारे पालक मात्र चुकत नाहीत. लहानपणी चार ते सहा वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडा लपवण्यापेक्षा सांगितलेला बरा. तो ऐकल्यावर बहुतेकांची भीती कमीच होते.

विश्वास डळमळायला आणखी एक निमित्त झाले आणि त्याची फारशी चर्चा होत नाही. ओझोनच्या थराला घातक वायूंवर बंदी आणणाऱ्या १९८७ च्या माँट्रियल करारामुळे पंपातला जुना प्रोपेलंट, म्हणजे औषध बाहेर ढकलणारा वायू, बदलावा लागला. नवे पंप नव्वदच्या दशकात आले. अमेरिकेत जुने सॅल्ब्युटामॉल पंप २००८ अखेर बंद झाले. जुन्या फवाऱ्याचा घशावर गार, जोरदार फटका बसे. नवा फवारा मऊ आणि कोमट, चवही वेगळी. ‘यात दम नाही, औषध कमी केले’ अशा तक्रारी आल्या. घशावरचा फटका हा खरे तर औषध घशातच अडकल्याचा पुरावा होता, पण लोक त्यालाच गुण समजत. दुसरा घोटाळा छिद्राचा. नव्या पंपांत औषध पंपाच्या तोंडाशी साचून छिद्र लवकर बुजते. आठवड्यातून एकदा धातूची डबी काढून प्लास्टिकचा भाग कोमट पाण्याखाली धरायचा, झटकून रात्रभर वाळवायचा. हे कुणी सांगितलेच नाही, तर महिन्याभरात फवारा खरोखर क्षीण होतो आणि समजूत पक्की होते.

अलीकडचा वादग्रस्त निर्णय २०१९ मधला. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी, प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना नुसता सॅल्ब्युटामॉलचा पंप देऊच नये, असे सांगितले. पन्नास वर्षांची पहिली पायरीच काढून टाकली गेली. तिच्या जागी गरजेपुरते घ्यायचे बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल आले. फॉर्मोटेरॉल मिनिटांत काम सुरू करते आणि बारा तास टिकते, त्यामुळे आराम हवा म्हणून घेतलेल्या प्रत्येक पफबरोबर स्टिरॉइडही जाते. फॉर्मोटेरॉलऐवजी सॅल्मेटेरॉल असलेला जोडपंप (दोन औषधांचा पंप) असा वापरता येत नाही, तो सुरू व्हायलाच वेळ लावतो. आधारभूत चाचण्यांपैकी २०१८ च्या एकीत, नुसत्या रिलीव्हरच्या तुलनेत तीव्र झटके ६४ टक्क्यांनी घटले. रोज स्टिरॉइड घेणाऱ्यांइतकेच झटके कमी झाले, तेही सुमारे सहाव्या हिश्शाच्या स्टिरॉइडमध्ये. टीकाकारांचे म्हणणे असे की रोज घेणाऱ्यांना दिवसेंदिवसची लक्षणे अधिक काबूत ठेवता येतात. ते त्याच चाचणीत दिसते. या निर्णयाचा दुसरा पैलू आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो : लोक रोज पंप घेत नाहीत हे चाळीस वर्षे दोष म्हणून मोजले गेले, आणि इथे ते पहिल्यांदा गृहीत धरून उपचार आखला गेला.

ज्यांच्याकडे अजून नुसता रिलीव्हर आहे, त्यांच्यासाठी मोजमाप सोपे आहे. २०० पफच्या डब्या वर्षात तीन किंवा त्याहून जास्त लागल्या, म्हणजे रोजचे सरासरी दीड-पावणेदोन पफ झाले, तर दमा काबूत नाही. महिन्याला एक म्हणजे धोका जिवाशी. ब्रिटनमध्ये २०१४ साली १९५ मृत्यूंचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात हीच खूण वारंवार सापडली. पंपाचा रंग पाहून रिलीव्हर कोणता ते ठरवू नये, रंग कंपनीगणिक बदलतात. औषधाचे नाव वाचावे.

‘घेऊन पाहिला, उपयोग नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा पद्धत असते. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांची २०१६ मध्ये बेरीज केली तेव्हा बरोबर पद्धत जेमतेम ३१ टक्क्यांची निघाली, आणि काळाबरोबर त्यात सुधारणा नव्हती. फवाऱ्याचा पंप आणि पावडरचा पंप यांची रीत परस्परविरुद्ध, हे त्याचे एक मोठे कारण. फवाऱ्याचा पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओढायला सुरुवात करतानाच दाबायचे आणि सावकाश चार-पाच सेकंद ओढून दहा सेकंद रोखायचे. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटाने. पावडरचा पंप दाबायचा नसतो. तिथे सुरुवातीपासूनच जोरात ओढावे लागते आणि चुकून आत फुंकले तर पावडर ओली होऊन चिकटते. त्यासोबतच्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात. स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी येत नाही आणि आवाज बसण्याचे प्रमाणही घटते.

फवाऱ्याला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावला की दाबण्याची आणि ओढण्याची वेळ जुळवावी लागत नाही. लहान मूल पाच-सहा साधे श्वास घेते. झटक्यात एकेक पफ करत स्पेसरमधून चार ते दहा पफ सॅल्ब्युटामॉल देता येते; तेवढ्याने मोकळे झाले नाही तर थेट रुग्णालय. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्यावा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर विद्युत तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून राहते.

डबीत औषध किती उरले हे पाण्यात टाकून पाहण्याची युक्ती जुन्या पंपांच्या काळापासून चालत आली आहे. ती भरवशाची नाही, शिवाय झडपेत पाणी जाते. औषध संपल्यावरही नुसता वायू फसफसत राहतो, त्यामुळे आवाजावरही जाता येत नाही. आकडा दाखवणारी खिडकी नसेल, तर पहिल्या पफच्या दिवशी डबीवर तारीख लिहावी आणि रोजच्या पफनी २०० ला भागावे. दिवसाला दोन असतील तर शंभराव्या दिवशी नवी डबी हाताशी हवी.