ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसरचे)

संगणकाचा प्रोसेसर निर्मात्याने नेमून दिलेल्या वारंवारतेहून अधिक वारंवारतेवर चालवण्याची क्रिया. प्रस्तुत नोंद डेस्कटॉप संगणकापुरती असून, यंत्र चालू असताना सॉफ्टवेअरमधून केल्या जाणाऱ्या बदलांवर तिचा भर आहे.

प्रोसेसरची वारंवारता म्हणजे मूळ घड्याळाची वारंवारता आणि गुणक यांचा गुणाकार. १०० मेगाहर्ट्‌झच्या मूळ घड्याळाला ५० हा गुणक लावला की ५ गिगाहर्ट्‌झ मिळतात. एका स्पंदाच्या अवधीत मंडलातील सर्वांत संथ मार्गावरूनही संकेत पार झाला पाहिजे, ही वेगाची खरी मर्यादा. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर लवकर स्थिती बदलतात आणि ही मर्यादा थोडी पुढे सरकते. पण खर्ची पडणारी शक्ती वारंवारतेच्या समप्रमाणात, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.५ वरून ५ गिगाहर्ट्‌झवर जाण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ करावे लागले, तर वेग ११ टक्के वाढतो आणि शक्तीचा खर्च सुमारे ३४ टक्के. गळती प्रवाहाची (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणाऱ्या प्रवाहाची) भर यात धरलेली नाही.

या प्रथेचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये १२ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक (घड्याळाचे स्पंद देणारा भाग) होता आणि प्रोसेसर त्याच्या निम्म्या, म्हणजे ६ मेगाहर्ट्‌झवर चाले. हौशी मंडळी तो काढून १६ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक बसवत आणि ८ मेगाहर्ट्‌झ मिळवत. आयबीएमने नंतरच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना प्रथम चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) वेग तपासून असे यंत्र अडवण्याची सोय केली, यावरून ही युक्ती बरीच पसरली असावी. दुसरे मत १९९८ च्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरला आरंभबिंदू मानते. त्याचा ४.५ हा गुणक कायम ठेवून बसची (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या मार्गाची) वारंवारता ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केली की ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्‌झ मिळत. यशाचे श्रेय सहसा त्याच्या चिपवरील, पूर्ण वेगाने चालणाऱ्या १२८ किलोबाइट कॅशला (जलद तात्पुरत्या स्मृतीला) दिले जाते. परंतु १०० मेगाहर्ट्‌झ हा आकडाही तितकाच महत्त्वाचा होता. पीसीआय बसचे (विस्तार कार्डे वगैरे जोडण्याच्या मार्गाचे) घड्याळ त्या काळी मुख्य बसला भागून मिळे. १०० ला ३ ने भागल्यास नेमके ३३ मेगाहर्ट्‌झ येतात आणि डिस्क व विस्तार कार्डे निर्धोक चालतात. ८३ मेगाहर्ट्‌झला मात्र भाजक २ असल्याने पीसीआय ४१ च्या पुढे जाई, आणि प्रोसेसर तग धरत असूनही डिस्कवरील माहिती बिघडण्याची भीती असे. सेलेरॉनने ही प्रथा लोकप्रिय केली हे मान्य करूनही आरंभ स्फटिक-बदलापासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

निर्मात्यांनी गुणकाला कुलूप घालण्याचे, म्हणजे तो बदलता न येऊ देण्याचे, कारणही वादाचे आहे. कमी वेगाच्या प्रोसेसरवर वरच्या वेगाचा छाप मारून ते विकण्याची फसवणूक रोखणे, हे एक कारण दिले जाते; महाग आणि स्वस्त प्रोसेसरांतील अंतर राखणे, हे दुसरे. पुढे इंटेलने ‘के’ मालिकेत खुला गुणक सामान्यतः जादा किमतीला दिला, हे पाहता दुसरे कारण नगण्य म्हणता येत नाही.

सॉफ्टवेअरचा मार्ग १९९० च्या दशकाच्या अखेरीस खुला झाला असे ढोबळमानाने म्हणता येईल. सॉफ्टएफएसबीसारखे प्रोग्रॅम प्रोसेसरला हातच लावत नसत; ते मदरबोर्डवरील घड्याळ-जनक चिपला आज्ञा देत, म्हणून ती चिप कोणती हे वापरणाऱ्याला अचूक सांगावे लागे. आजची साधने, उदाहरणार्थ इंटेलचे एक्स्ट्रीम ट्यूनिंग युटिलिटी किंवा २०१७ मध्ये रायझनसोबत आलेले एएमडीचे रायझन मास्टर, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वाधिक अधिकार असलेला भाग) स्तरावरील ड्रायव्हरमार्फत प्रोसेसरच्या विशेष रजिस्टरांशी (सेटिंग साठवणाऱ्या अंतर्गत जागांशी) किंवा त्यातील शक्ती-नियंत्रक फर्मवेअरशी बोलतात. पडद्यावर सरकपट्टी दिसते, पण तिच्यामागे सर्वाधिक अधिकाराचे लेखन चालते. बायोसमधील बदलाच्या तुलनेत याचा मोठा फायदा म्हणजे दर पायरीला यंत्र बंद-चालू करावे लागत नाही. मात्र सेटिंग ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यावरच लागू होते. त्यामुळे पक्के झालेले आकडे शेवटी बायोसमध्ये नोंदवण्याकडे जाणकारांचा कल असतो.

स्थैर्य पडताळण्यासाठी प्राइम९५ फार वापरला जातो. मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी लिहिलेल्या या प्रोग्रॅमचे गणित स्वतःचीच चूक पकडते, म्हणून संगणक बंद न पडता चुकीचे उत्तर देऊ लागला तरी ते कळते. पूर्ण भार पेलला म्हणजे काम झाले, हा समज आता पुरेसा नाही. एएमडीच्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये प्रत्येक गाभ्याचे (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-घटकाचे, म्हणजे कोअरचे) व्होल्टेज-वारंवारता वक्र खाली सरकवता येते; अशी रचना सर्व गाभ्यांच्या भाराखाली तासन्‌तास टिकते आणि हलक्या कामात, एकच गाभा कमाल वेगाला पोहोचल्यावर, कोसळते.

प्रोसेसर स्वतःच तापमान आणि शक्ती पाहून वेग वाढवू लागल्यापासून हाताने मिळवायची वाढ घटली आहे. इंटेलचे टर्बो बूस्ट २००८ च्या नेहालेम पिढीत आले. निर्माता जो शिलकी वाव पूर्वी राखून ठेवत असे, तो आता बहुतांशी विक्रीच्या वेळीच वापरलेला असतो. शक्तीची मर्यादा वाढवणे, थंडावा सुधारणे किंवा उलट व्होल्टेज कमी करणे यांतून अनेकदा स्थिर गुणक लावण्यापेक्षा अधिक पदरात पडते. द्रव हेलियमखाली २०२२ मध्ये कोअर आय९-१३९००के ने ९ गिगाहर्ट्‌झ ओलांडले, पण अशा विक्रमांचा रोजच्या वापराशी संबंध नाही.

जादा व्होल्टेज आणि उष्णता यांमुळे धातूच्या सूक्ष्म तारांतील अणू प्रवाहाबरोबर सरकत जातात. ही झीज मोजण्याचे जेम्स ब्लॅक यांचे समीकरण १९६९ पासून प्रचलित आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर २०२४ मध्ये अस्थिर ठरले, तेव्हा मायक्रोकोड (प्रोसेसरमधील अंतर्गत आज्ञावली) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे कंपनीने मान्य केले. ओव्हरक्लॉक न करणाऱ्यांनाही जादा व्होल्टेजमुळे होणारी झीज चुकली नाही.

सुरक्षेचा प्रश्न तुलनेने नवा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या प्लंडरव्होल्ट या हल्ल्यात व्होल्टेज बदलण्याच्या याच रजिस्टरमधून प्रोसेसरच्या संरक्षित कप्प्यातील आकडेमोड हेतुतः चुकवून गुप्त किल्ल्या मिळवता येतात, हे दाखवले गेले. त्यानंतर इंटेलच्या सुधारणेद्वारे हे रजिस्टर बायोसमधून बंद करता येऊ लागले, आणि अनेक यंत्रांवर सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज कमी करण्याची सोय त्यासोबत गेली.