रोमन अंक लिहायला शिकणं

रोमन अंक म्हणजे प्राचीन रोममध्ये रूढ झालेली आणि नंतरही युरोपात कित्येक शतकं हिशेबाच्या वहीपासून थडग्याच्या दगडापर्यंत सगळीकडे चालत राहिलेली संख्या लिहायची पद्धत. यात अंकांसाठी वेगळी चिन्हं नाहीत, मोठी इंग्रजी (खरं तर लॅटिन) अक्षरंच वापरतात, आणि तीही फक्त सात: आय म्हणजे 1, व्ही म्हणजे 5, एक्स म्हणजे 10, एल म्हणजे 50, सी म्हणजे 100, डी म्हणजे 500 आणि एम म्हणजे 1000. या नोंदीत संख्या त्या अक्षरांच्या उच्चाराने दिल्यात, म्हणजे आय-व्ही दिसलं की 4 समजायचं, व्ही-आय दिसलं की 6.

महाराष्ट्रात मराठी माध्यमातल्या मुलांची याच्याशी पहिली गाठ पडते ती पाचवीला, बालभारतीच्या गणितात रोमन संख्याचिन्हांचा धडा असतो, पण तिथे भर असतो तो आय, व्ही आणि एक्स या तिघांवरच, त्यामुळे बऱ्याच जणांचं रोमन अंकांचं ज्ञान वीसच्या आसपास थांबतं आणि पुढे एल, सी, डी, एम आले की गोंधळ उडतो, 50 म्हणजे एल की सी, 500 म्हणजे डी की एम. तो घालवायला सात अक्षरांची किंमत चढत्या क्रमाने पाढ्यासारखी म्हणायची, एक पाच दहा पन्नास शंभर पाचशे हजार. आपल्या नोटा-नाण्यांची रांगच आहे ही, हजाराची नोट आता चलनात नसली तरी आठवते सगळ्यांना, मधल्या दोन, वीस आणि दोनशे तेवढ्या गाळायच्या. रक्कम सुटी करताना आपण आधी मोठी नोट काढतो, मग लहान, तसंच इथेही मोठं अक्षर आधी, लहान नंतर.

आता नियम. पुस्तकात ते सुटे सुटे दिलेले असतात: आय, एक्स, सी आणि एम सलग तीनपेक्षा जास्त वेळा येत नाहीत, व्ही, एल आणि डी दोनदा लिहायचेच नाहीत, लहान अक्षर मोठ्याच्या उजवीकडे आलं तर बेरीज, डावीकडे आलं तर वजाबाकी, आणि वजाबाकी फक्त सहा जोड्यांतच चालते, 4 (आय-व्ही), 9 (आय-एक्स), 40 (एक्स-एल), 90 (एक्स-सी), 400 (सी-डी) आणि 900 (सी-एम). नियम बरोबरच आहेत, पण असे पाठ केले की परीक्षा झाल्यावर विसरतात हे मी खूप मुलांच्या बाबतीत पाहिलंय. माझं स्पष्ट मत असं की रोमन अंक नियमांनी शिकवूच नयेत, आकारांनी शिकवावेत.

म्हणजे कसं, तर 1 ते 9 चे नऊ आकार एकदा हातात बसवायचे. एक, दोन, तीन म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. चार म्हणजे पाचाच्या आधी एक. पाच एकटा. सहा, सात, आठ म्हणजे पाचाच्या नंतर एक, दोन, तीन. नऊ म्हणजे दहाच्या आधी एक. झालं. आता हेच नऊ आकार दशकांसाठी तसेच्या तसे काढायचे, फक्त आय-व्ही-एक्स या तिघांच्या जागी एक्स-एल-सी घ्यायचे. आठ जर व्ही-आय-आय-आय असेल तर ऐंशी एल-एक्स-एक्स-एक्स. शतकांसाठी पुन्हा तेच आकार, यावेळी सी-डी-एम घेऊन, म्हणून आठशे डी-सी-सी-सी. हजार मात्र एम एक, दोन किंवा तीनदाच. यात सहा जोड्यांचा नियम आपोआप पाळला जातो, तीनदाचा पाळला जातो, व्ही-एल-डी दोनदा येण्याचा प्रश्नच उरत नाही.

मग कुठलीही संख्या घ्या, आधी विस्तारित रूपात मांडा आणि डावीकडून एकेक घर लिहीत जा. 2746 म्हणजे 2000, 700, 40 आणि 6, म्हणून एम-एम, डी-सी-सी, एक्स-एल, व्ही-आय. चार तुकडे एकापुढे एक जोडले की संख्या तयार. एखाद्या घरात शून्य असेल तर ते घर सरळ सोडून द्यायचं, काही लिहायचंच नाही: 2005 म्हणजे एम-एम-व्ही, 1040 म्हणजे एम-एक्स-एल. रोमन पद्धतीत स्थानिक किंमत नाही, अक्षर कुठेही आलं तरी एक्स म्हणजे दहाच, पण ती लिहायला शिकायची सगळ्यात सोपी वाट मात्र आपल्या एकक-दशक-शतकातूनच जाते, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण यात स्थानिक किंमतीचीही पक्की उजळणी होऊन जाते.

मराठी मुलांची एक खास चूक आहे, तिच्याकडे लक्ष द्यायलाच हवं. 49 ला आपण एकोणपन्नास म्हणतो, पन्नासला एक कमी. मूल तेच ऐकतं आणि बिचारं इमानदारीत पन्नासच्या एल आधी एक आय लिहून मोकळं होतं, आय-एल. तसंच 99 ला आय-सी, आणि 19 ला आय-एक्स-एक्स. विचार म्हणून यात काहीच वाकडं नाही, लॅटिनमध्येही एकोणीसला वीसला एक कमी असंच म्हणत आणि अठराला वीसला दोन कमी. पण लिखाणाची आजची रीत वेगळी आहे, 49 म्हणजे आधी 40 आणि मग 9, एक्स-एल-आय-एक्स. 99 म्हणजे एक्स-सी-आय-एक्स. अशा मुलाला नुसतं चूक म्हणून फुली मारण्यापेक्षा "एकोणपन्नास विसर, चार दशक नऊ एकक म्हण" असं सांगितलं की पटकन जमतं.

सराव करायला मुंबईत एक उत्तम जागा आहे, गेटवे ऑफ इंडिया. वरच्या बाजूला इंग्रजीत कोरलेल्या लेखात राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले त्याची तारीख आहे, दोन डिसेंबर, आणि पुढे साल रोमन अंकांत: एम-सी-एम-एक्स-आय. फोटो काढायला रोज हजारो लोक त्याच्यासमोर उभे राहतात पण साल वाचतं कोण. डावीकडून बघत यायचं. एम, हजार. मग सी, पण त्याच्या पुढचं अक्षर त्याच्याहून मोठं आहे, एम, म्हणजे ही जोडी झाली, 900. मग एक्स, 10. मग आय, 1. एकूण 1911. वाचायचा नियम एवढाच, प्रत्येक अक्षरापाशी थांबून पुढचं मोठं आहे का ते बघायचं, मोठं असेल तर दोघांची जोडी करून वजाबाकी, नसेल तर बेरीज करत पुढे. त्याच लेखात राजाच्या नावापुढे एकटा व्ही आहे, तो पाच नाही वाचायचा, पाचवा किंवा पंचम वाचायचा. चौदावा लुई, दुसरी एलिझाबेथ, तेविसावे पोप जॉन, सगळीकडे तसंच. दिल्लीच्या इंडिया गेटवरही दोन सालं आहेत, एम-सी-एम-एक्स-आय-व्ही आणि एम-सी-एम-एक्स-आय-एक्स, ती आता तुम्हीच वाचा, उत्तर 1914 आणि 1919 येतं.

आपण ज्याला पक्के नियम म्हणतो ते खुद्द रोमन लोक तितके काटेकोर पाळत नव्हते, हे शिकणाऱ्याला सांगायला हवं नाहीतर जुनी इमारत बघून तो गोंधळतो. रोमच्या कलोसियमच्या कमानींवर प्रवेशद्वारांचे नंबर कोरलेत, त्यातले काही आजही वाचता येतात, आणि 44 नंबरच्या दारावर एक्स-एल-आय-आय-आय-आय आहे, म्हणजे 40 वजाबाकीने लिहिलाय आणि 4 सरळ चार रेघांनी, एकाच संख्येत दोन्ही रीती. इसवी सन 9 मध्ये जर्मनीतल्या टोइटोबुर्गच्या जंगलात रोमन सैन्याचा दारुण पराभव झाला, त्यात मेलेल्या मार्कस केलियस नावाच्या अधिकाऱ्याचा स्मारकशिळालेख मिळालाय, त्यावर त्याच्या अठराव्या लीजनचा (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीचा) आकडा एक्स-आय-आय-एक्स असा आहे, वीसला दोन कमी, जसं बोलत तसं लिहिलं. आणि हे फक्त जुन्या काळातलं नाही, लंडनच्या ॲडमिरल्टी आर्चवर 1910 हे साल एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स असं आहे, चार सी. आज शाळेत शिकवतात ती रीत हळूहळू ठरत गेलेली आहे.

चिन्हांचं मूळ रोमच्या शेजारच्या एट्रुस्कन लोकांच्या खुणांमध्ये आहे असं मानतात. सगळी अक्षरं काही शब्दांची आद्याक्षरं म्हणून आलेली नाहीत, हजाराचं जुनं चिन्ह उभ्या रेघेने छेदलेल्या गोलासारखं होतं आणि त्याचा उजवा अर्धा भाग घेतला की डी दिसतो, म्हणून डी हजाराचा अर्धा, पाचशे. हे एकदा डोळ्यासमोर आलं की डी आणि एम कधीच उलटसुलट होत नाहीत.

हिशेब रोमन अंकांत कागदावर होत नव्हता, तो व्हायचा गणनफलकावर, खडे किंवा मणी सरकवून, आणि उत्तर तेवढं अंकांत टिपून ठेवायचं. बेरीज मात्र लिहूनही मस्त होते. 27 आणि 16 घ्या. एक्स-एक्स-व्ही-आय-आय आणि एक्स-व्ही-आय. सगळी अक्षरं एकत्र करून मोठ्यापासून लावा: तीन एक्स, दोन व्ही, तीन आय. दोन व्ही म्हणजे एक एक्स, म्हणजे एक्स झाले चार, चार एक्स म्हणजे एक्स-एल, आणि मागे तीन आय. एक्स-एल-आय-आय-आय, 43. हातचा घेणं म्हणजे नक्की काय हे मुलाला इथे डोळ्यांनी दिसतं. गुणाकार भागाकार मात्र नको रे बाबा.

शून्य आणि स्थानिक किंमत असलेले भारतीय अंक अरबांमार्फत युरोपात गेले, इटलीतल्या पिसाच्या लिओनार्दोने (ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो) 1202 मध्ये आपल्या ग्रंथात भारतीयांची नऊ चिन्हं आणि शून्य समजावून सांगितलं, तरी लोकांनी ते लगेच काही स्वीकारलं नाही. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने 1299 मध्ये हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरायला मनाई केली होती, शून्याचा सहा किंवा नऊ करणं फार सोपं ही भीती त्यामागे होती असं सांगतात. आपल्याकडेही स्थानिक किंमतीची पद्धत काही पहिल्या दिवसापासून नव्हती बरं का. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं (त्या काळची नाणी) यांचे आकडे त्यात आहेत, आणि तिथे दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत, चार हजार लिहायला हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलेलं. म्हणजे शून्याशिवाय मोठे आकडे लिहायची खटपट इथेही झाली, फक्त वाट वेगळी, रोमनांसारखं चिन्ह पुन्हा पुन्हा न लिहिता जोडून.

आज रोमन अंक उपयोगाचे कुठे? स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना राज्यघटनेचे भाग इंग्रजीत रोमन अंकांत वाचावे लागतात, मूलभूत हक्क भाग आय-आय-आय, पंचायती भाग आय-एक्स. रसायनशास्त्रात लोहाची संयुगं आय-आय आणि आय-आय-आय अशी वेगळी ओळखतात, पुस्तकाच्या प्रस्तावनेची पानं लहान अक्षरांत असतात, ऑलिंपिकची गणती यातच होते, पॅरिसचं 2024 चं ऑलिंपिक एक्स-एक्स-एक्स-आय-आय-आय होतं. आणि घड्याळं. घड्याळात खूपदा 4 साठी चार रेघा असतात, शाळेत आय-व्ही शिकलेलं मूल तिथे अडतं. तबकडीवर आकडे मध्याकडे पाय करून लावलेले असतात, त्यामुळे खालचे उलटे दिसतात आणि उलटा आय-व्ही हा व्ही-आय सारखा वाटतो, चार रेघांमुळे निदान 4 आणि 6 ची अदलाबदल टळते. लंडनच्या बिग बेनवर मात्र आय-व्हीच आहे.

साध्या अक्षरांत लिहिता येणारी सगळ्यात मोठी संख्या 3999, कारण चार हजाराला चार एम लागतील. सगळ्यात लांबलचक मात्र 3888, तिला पंधरा अक्षरं लागतात, लिहून बघा. त्यापुढे जायचं तर अक्षरावर आडवी रेघ मारतात, म्हणजे किंमत हजारपट: व्हीवर रेघ म्हणजे 5000. एक्सेलमध्ये रोमन नावाचं फंक्शन आहे, तेही 3999 लाच थांबतं, उत्तरं तपासायला चांगलं आहे, पण त्यात दुसरा आकडा टाकायची सोय असते आणि तो वाढवत नेला की एक्सेल संख्या आखडत नेतं, 499 चं सी-डी-एक्स-सी-आय-एक्स होतं ते शेवटी नुसतं आय-डी होऊन बसतं. मुलाचं उत्तर तपासताना तो दुसरा आकडा रिकामाच ठेवा.