खाद्य लस: मक्यापाशी अडलेली वाट

‘खाद्य लस’ म्हणजे जनुक बदलून पिकातच लशीचं प्रथिन तयार करायचं आणि ते पीक जनावराला खाऊ घालायचं. पण हा शब्द फसवा आहे. कणीस मोडून डुकरापुढे टाकलं की लसीकरण झालं, असं कुणीच योजलं नव्हतं. एकाच शेतातल्या दोन कणसांतही प्रतिजनाचं, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या त्या प्रथिनाचं, प्रमाण वेगळं निघतं. म्हणून सगळं पीक दळून एकजीव करायचं, दर ग्रॅम पिठात प्रतिजन किती ते मोजायचं आणि मग मात्रा ठरवायची. मात्रा तोकडी पडली तर परिणाम नाही. वारंवार आणि भरपूर दिली तर आतडं त्या प्रथिनाला अन्न समजून प्रतिकारच करत नाही. पशुखाद्याच्या कांड्या पाडताना गरम वाफ दिली जाते, तिच्यात प्रथिनाची घडी विस्कटते. त्यामुळे हे पीठ कांड्या थंड झाल्यावरच मिसळायचं.

नव्वदच्या दशकात बटाटा झाला, अर्जेंटिनात लाळ्या-खुरकुतासाठी लसूणघास झाला. मग मका आला, कारण वाळलेल्या दाण्यात प्रथिन टिकतं. डुकरांच्या अतिसाराविरुद्ध त्याचे निकाल आशादायक होते.

घोटाळा 2002 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात झाला. आदल्या वर्षी लशीचा मका घेतलेल्या शेतात सोयाबीन पेरलं होतं. सांडलेल्या दाण्यांतून मका उगवला, तो उपटायला सांगूनही राहिला आणि कापणीत त्याची पानं-ताटं सोयाबीनमध्ये आली. ते सुमारे 500 बुशेल सोयाबीन गोदामातल्या 5 लाख बुशेलमध्ये, म्हणजे साधारण 13,600 टनांत मिसळलं. सगळा साठा बाद झाला. आयोवातही परागसंकराच्या शंकेनं 155 एकर मका जाळला. हा मका घेणाऱ्या कंपनीला अडीच लाख डॉलर दंड झाला, वर साठा निस्तरण्याचा खर्च सुमारे 30 लाख डॉलर.

दोष निंदणीचा, असं तेव्हा सांगितलं गेलं. ते अपुरं आहे. मुळात चूक पिकाच्या निवडीची होती: वाऱ्यावर पराग सोडणारं, माणसाच्या ताटात जाणारं पीक औषधासाठी घेतलं. 2003 च्या नियमांनी एक मैल अंतर, भोवती 50 फूट मोकळा पट्टा आणि पेरणी-कापणीची स्वतंत्र यंत्रं सक्तीची केली. लस स्वस्त पडेल हा मुख्य दावाच त्यात गेला.

त्याच सुमारास बंगळूरमध्ये बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या रोगाचं प्रतिजन असलेला भुईमूग गुरांना खाऊ घातला. गुरांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, तयार झाली. पण बुळकांडी जगातून गेली, 2011 मध्ये तसं जाहीर झालं, ती टोचायच्या लशीनं.

2006 मध्ये अमेरिकेत वनस्पतिजन्य पशुलशीला पहिला परवाना मिळाला, तो कोंबड्यांच्या राणीखेतसाठी. ती तंबाखूच्या पेशींत, बंद टाकीत बनली होती. शेत नाही, पराग नाही. मात्र ती टोचावी लागे, आणि बाजारात कधी आलीच नाही.